मोडेम आपला, तार कुणाची?

पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी वर्षानुवर्षे पावसाळ्यात छापून येत आली. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. नदी चढली की रस्ता बंद, एस.टी. बंद, आणि पाणी ओसरले की व्यवहार पुन्हा सुरू. परंतु आज या गावाला जगाशी जोडणारा आणखी एक पूल आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, रेशन दुकानातला अंगठा, बँकेतले पैसे, हे सारे त्याच पुलावरून येते-जाते. हा पूल पुराशिवायही तुटतो. 'तुमचा मोडेम जुना झाला, आता त्याची जबाबदारी आमची नाही' असे सेवा देणाऱ्याने एकदा सांगितले की तो तुटतो, आणि मग ओसरण्याची वाट पाहायला पाणीही नसते.

अशा वेळी शहरातले जाणकार सांगतात, 'बाजारातून स्वतःचा मोडेम आणा आणि जोडा.' सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतला नाही तर गरिबाच्या खिशातले हजार-दोन हजार रुपये पाण्यात जातात.

सेवा देणारा 'सपोर्ट बंद' असे म्हणतो तेव्हा तो नेमके काय बंद करतो? त्यात चार गोष्टी येतात. बिघडलेला डबा बदलून देणे, फोनवर किंवा घरी येऊन दुरुस्ती सांगणे, डब्याच्या आतल्या प्रणालीत वेळोवेळी सुधारणा पाठवणे, आणि एक्स्चेंजच्या टोकाला तुमची लाइन जिवंत ठेवणे. पहिल्या तीन गोष्टी ग्राहक थोड्या कष्टाने स्वतः करू शकतो. चौथी त्याच्या हातात नाही. कंपनीने फक्त डबा सोडला असेल तर स्वतःचा मोडेम हा उपाय आहे. कंपनीने लाइनच सोडली असेल तर जगातला सर्वात महागडा मोडेमही टेबलावरची शोभेची वस्तू ठरतो. हा फरक ग्राहकाला कुणी सांगत नाही.

बी.एस.एन.एल.ने जानेवारी २००५ मध्ये 'डेटावन' ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर ती चालत असे. मोडेम भाड्याने घ्या, विकत घ्या किंवा स्वतःचा लावा, अशी मोकळीक होती. बहुतेक ठिकाणी मोडेममध्ये ० आणि ३५ हे दोन आकडे, आपले यूजरनेम आणि पासवर्ड भरला की काम होत असे. डबा कोणत्या कंपनीचा, हे एक्स्चेंज विचारत नव्हते. दरमहा भाडे वाचत होते आणि गावातला दहावी-बारावी झालेला मुलगाही ही जोडणी शिकू शकत होता. सार्वजनिक सेवेने दिलेले हे स्वातंत्र्य होते. त्याचे मोल तेव्हा आपल्याला कळले नाही.

त्याच स्वातंत्र्याची दुसरी बाजू जुलै २०१७ मध्ये दिसली. देशात सुमारे ६० हजार मोडेम एका घातक प्रोग्रामच्या हल्ल्यात बंद पडले. कारण अगदी साधे होते. कारखान्यातून आलेला 'अॅडमिन' हाच पासवर्ड लोकांनी तसाच ठेवला होता. पासवर्ड बदला, असे आवाहन बी.एस.एन.एल.ला ग्राहकांना करावे लागले. पण ज्याला मोडेम म्हणजे दिवे लागणारा डबा एवढेच माहीत आहे, त्याला या आतल्या कुलपाची माहिती आधी कुणी दिली होती? स्वतःची वस्तू म्हणजे स्वतःची जबाबदारी हे खरे. मात्र ज्ञान न देता केवळ जबाबदारी देणे ही आपल्या समाजव्यवस्थेची जुनी खोड आहे.

पुढे तंत्र बदलले. सी.डी.एम.ए. सेवा एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्या सेवेला जखडलेले डोंगल लोकांच्या पेटीत तसेच राहिले. पैसे ग्राहकाचे, वस्तू ग्राहकाची, पण कुलूप कंपनीचे. आता तांब्याची तार जाऊन काचेची तार येत आहे. ती वेगवान आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तांब्याच्या तारेवरचा मोडेम काचेच्या तारेवर चालत नाही. काचेच्या तारेच्या शेवटी जो डबा बसतो, त्याचा क्रमांक सेवा देणाऱ्याच्या यंत्रात नोंदवावा लागतो. त्याने नोंद नाकारली तर तुमचा डबा मुका. म्हणजे तंत्र पुढे गेले, आणि २००५ साली ग्राहकाच्या हाती असलेली किल्ली पुन्हा कंपनीच्या कमरेला गेली.

इतर देशांत हा प्रश्न कायद्याने सोडवला गेला. अमेरिकेत १९६८ साली 'कार्टरफोन' प्रकरणात निर्णय झाला की, जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक आपले यंत्र टेलिफोनच्या लाइनला जोडू शकतो. स्वतःचा मोडेम वापरणाऱ्याकडून मोडेमचे भाडे घेण्यास तिथे डिसेंबर २०२० पासून मनाई झाली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून आपल्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क कायद्याने मिळाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे धरली. ज्या डब्यावर विद्यार्थ्याचा अर्ज आणि म्हाताऱ्याची पेन्शन अवलंबून आहे, त्याला त्यात स्वतंत्र जागा मिळाली नाही.

आता पुन्हा भामरागडकडे येऊ. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. वस्ती विरळ, जंगल दाट. खाजगी कंपनीच्या हिशोबात असा मुलूख बसत नाही. नक्षलप्रभावित भागांत मोबाइल मनोरे उभारण्याच्या योजनेला केंद्राने २०१४ मध्ये मंजुरी दिली आणि बी.एस.एन.एल.ने देशात २३४३ ठिकाणी मनोरे उभे केले. ते टू-जी होते. त्या मनोऱ्यांना फोर-जी करण्याची मंजुरी एप्रिल २०२२ मध्ये मिळाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला देशात फाइव्ह-जीचा शुभारंभ झाला. शहर पाचव्या पायरीवर गेले तेव्हा जंगलातल्या माणसाला चौथ्या पायरीचा कागद मिळाला. याला मागासलेपण म्हणायचे की मागे ठेवणे?

आणि नियम मात्र सर्वांना एकच! रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अॅपवर सक्तीची झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर. पुण्याच्या वसतिगृहातल्या मुलाला आणि भामरागडच्या आश्रमशाळेतून बाहेर पडलेल्या माडिया मुलाला शेवटची तारीख एकच असते. एकाकडे जोडणी आहे, दुसऱ्याकडे बंद पडलेला डबा आहे. कागदावर समानता आणि व्यवहारात विषमता. या विसंगतीचा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, ही भूमिका त्यांनी १९४३ मध्येच मांडली. वीज ही त्यांच्या दृष्टीने श्रीमंतांच्या घरातली चैन नव्हती, तर देशाला दारिद्र्यातून बाहेर काढण्याचे साधन होती. आज इंटरनेटची जागा तीच आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हक्क मान्य झाला की तो पोहोचवण्याची जबाबदारी शासनाची होते.

शासनाकडे पैसा नाही असे म्हणता येणार नाही. दुर्गम भागाला दूरसंचार सेवा मिळावी म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के आकार घेतला जात आला. आता तो निधी 'डिजिटल भारत निधी' या नावाने ओळखला जातो. पण मनोरा उभारण्याचा सोहळा होतो, देखभालीचा होत नाही. ३१ जानेवारी २०२० रोजी बी.एस.एन.एल.चे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यात जंगलातली तार ओळखणारे लाइनमनही गेले. मोडेमचा 'सपोर्ट' जाणे ही नंतरची गोष्ट आहे, माणसाचा आधार आधी गेला.

मग चळवळीच्या माणसाने काय करावे? गावातले वाचनालय, वसतिगृह, बुद्धविहार किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. मोडेम घेण्याआधी आपली लाइन तांब्याची, काचेची की मनोऱ्यावरची, आणि ती पुढे चालू राहणार का, हे लेखी विचारावे. मनोऱ्यावरचा राउटर घेताना तो कोणत्याही कंपनीचे सिम घेतो का, हे पाहावे. बी.एस.एन.एल.च्या फोर-जीत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही आहे. तो प्रत्येक जुन्या राउटरला पकडता येत नाही. यूजरनेम आणि पासवर्ड संस्थेच्या वहीत लिहून ठेवावा, एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ज्या डब्याला सुधारणा येणे बंद झाले, तो फुकट मिळाला तरी संस्थेच्या कामाला लावू नये. तक्रार केली की डॉकेट नंबर घ्यावा, आणि निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी. 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांनी ही सोय दिलेली आहे.

एवढे केले तरी चौथी गोष्ट, म्हणजे एक्स्चेंजच्या टोकाची जिवंत लाइन, एकट्या ग्राहकाला मिळत नाही. तिच्यासाठी ग्रामसभेने ठराव केला पाहिजे आणि आपल्या आमदार-खासदाराला तो हातात दिला पाहिजे. मागण्या स्पष्ट असाव्यात. ग्राहकाला आपल्या पसंतीचे यंत्र जोडण्याचा हक्क कायद्यात लिहा. जुनी सेवा बंद करण्यापूर्वी नवी सेवा त्याच गावात सुरू करून दाखवा, आणि बदलाचा खर्च गरिबाच्या माथी मारू नका. दुर्गम तालुक्यात कायमचा लाइनमन नेमा. आणि जिथे जोडणी तुटलेली आहे तिथे ऑनलाइन अर्जाची मुदत आपोआप वाढली पाहिजे, कागदी अर्जही स्वीकारला गेला पाहिजे.

शेवटची मागणी सर्वात स्वस्त आहे. तिला मनोरा लागत नाही, तार लागत नाही, मोडेमही लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे. तो निघत नाही तोवर भामरागडच्या मुलाचा अर्ज मुदतीत पोहोचला नाही तर दोष त्या मुलाचा नाही, हे आपण प्रत्येक कार्यालयात ठणकावून सांगितले पाहिजे.