हिरे त्यांचे, तुरुंग आमचा

जुना पिच्चर पुन्हा काढायचा म्हणजे काय करायचं? मुंबईच्या सिनेमावाल्यांचं उत्तर सोपं आहे. नाव तेच ठेवायचं, नट बदलायचे, झगमगाट वाढवायचा. बास. 'व्हिक्टोरिया नं. २०३'चं त्यांनी हेच केलं. माझं भांडण त्याच्याशी आहे.

मूळ पिच्चर १९७२ चा. दिग्दर्शक ब्रिज. अशोककुमार आणि प्राण हे दोन उतारवयातले चोर. तुरुंगातून सुटतात, आता इज्जतीत जगू म्हणतात, आणि चोरीच्या हिऱ्यांचा वास लागताच पुन्हा पळत सुटतात. हिरे दडलेत मुंबईच्या एका घोडागाडीत. पोट दुखेपर्यंत हसू येतं. ते मी नाकारत नाही. दोघे नट मोठेच होते.

पण दोस्तांनो, त्या गाडीला एक गाडीवान आहे. चोर त्याच्या गाडीत हिरे लपवतो, चोराचा खून होतो आणि आळ येतो गाडीवानावर. सरळ आत! बाप आत गेला म्हणून पोरगी, म्हणजे सायरा बानू, पुरुषाचे कपडे चढवून गाडी हाकते. सगळी कथा या एका बेकसूर माणसाच्या पाठीवर उभी आहे. हिरे पळवायला लावणारा शेठ बाहेर. हिऱ्यांमागे लागलेले दोघे बाहेर, वर गाणी म्हणताहेत. ज्यानं काहीच केलं नाही तो तेवढा गजाआड. विचारा कुणालाही, त्या गाडीवानाचं नाव काय? राजा आणि राणा सगळ्यांना पाठ. गाडीवानाचं नाव सांगताना भल्याभल्यांची दातखीळ बसते.

त्याच १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात खडी फोडत होता. त्याच साली त्याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, 'गोलपिठा' आला. एकाच शहरात दोन मुंबया होत्या. एक हिरे शोधत होती, दुसरी भाकर.

हसण्यालाही जात असते. चोर गोड कधी वाटतो? तो अशोककुमार असतो तेव्हा. पारध्याच्या पोरानं कोंबडी उचलली तर त्यावर गाणं बसवत नाहीत, त्याची हाडं मोडतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सोलापूरच्या सेटलमेंटची तार निघाली. पण १९५९ साली मुंबई राज्यानं 'सराईत गुन्हेगारां'चा कायदा आणला. तार गेली, हजेरी राहिली. पोटासाठी केलेली चोरी आणि त्यापायी खाल्लेला मार काय असतो, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'नं १९८७ साली पांढरपेशांच्या दिवाणखान्यात नेऊन आपटलं. साहित्य अकादमीचं बक्षीसही मिळालं. सिनेमावाल्यांनी मात्र काही वाचलं नाही.

कारण २००७ साली त्यांनी 'व्हिक्टोरिया' पुन्हा जुंपली. निर्माता ब्रिज यांचाच मुलगा कमल सदाना, दिग्दर्शक अनंत महादेवन. राजा-राणाच्या जोडीला ओम पुरी आणि अनुपम खेर. पस्तीस वर्षं मधे गेली. पुन्हा हिरेच!

आणि त्यासाठी घेतला कोण, तर ओम पुरी. १९८० च्या 'आक्रोश'मध्ये बायकोच्या खुनाच्या आळाखाली गप्प बसलेला लहान्या भिकू त्यानंच उभा केला होता. न बोलणाऱ्या बेकसूर कैद्याचा चेहरा या देशाला ज्यानं दाखवला, त्या नटाला हिऱ्यांमागं पळवलं. गाडीवानाची गोष्ट सांगायला हाच माणूस हवा होता. हाताशी होता, पण त्यांना तो दिसला नाही.

कुणी म्हणेल, अहो, विनोदी पिच्चर आहे, त्यात कशाला जात आणि तुरुंग आणता? आणायला येतं, बाबांनो. कुंदन शहाचा 'जाने भी दो यारो' बघा. १९८३ चा. बिल्डर, कमिशनर, संपादक सगळे एका माळेचे मणी, आणि शेवटी कैद्याच्या कपड्यात दिसतात ते खरं शोधणारे दोन गरीब फोटोग्राफर. लोक हसून लोळतात आणि थेटराबाहेर पडताना गप्प होतात. त्यातला एक बिल्डर याच ओम पुरीनं केला होता. म्हणजे विनोदाला अक्कल असू शकते. नियत लागते.

मी मनमाडचा. आमच्याकडे 'व्हिक्टोरिया' पडद्याबाहेर घडली. वस्तीतला एक रिक्षावाला, माझ्या ओळखीचा. स्टेशनावरचं भाडं सोडलं, मागच्या सीटखाली कुणाची तरी बॅग निघाली, बॅगेत चोरीचा माल. बॅगवाला पसार. हा आत. जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा? सात महिने गेले. रिक्षा कर्जात गेली. पोरीची शाळा सुटली, ती आईबरोबर धुण्याभांड्याला जायला लागली. सायरा बानूसारखं गाणं तिच्या वाट्याला आलं नाही.

हा एकटाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२ चे आकडे घ्या. देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं, त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. आणि आत गेल्यावरही जात सुटत नाही. झाडू कुणी मारायचा, स्वयंपाक कुणी करायचा, हे जातीवर ठरवणारे नियम घटनाबाह्य आहेत, असं सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. केव्हा? ३ ऑक्टोबर २०२४ ला! सुकन्या शांता या पत्रकार बाईनं दाद मागितली म्हणून.

आता तिसऱ्यांदा कुणाला हा पिच्चर काढायचा झाला तर घोड्याची व्हिक्टोरियाही मिळायची नाही. २०१५ साली मुंबई हायकोर्टानं त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्याचे हाल थांबावेत, माझी ना नाही. पण घोड्याची कीव आलेल्या शहराला गाडीवानाचं नाव अजून आठवत नाही.

आमच्या मनमाडला रेल्वेचा कारखाना आहे. पुलाचे गर्डर तिथं बनतात. तिथल्या कुठल्याही फिटरला विचारा, गंजलेल्या गर्डरला नुस्ता रंग फासून पूल नवा होतो का? तो तुम्हाला वेड्यात काढील. गंजलेला तुकडा कापावा लागतो, नवा जोडावा लागतो, तेव्हा वरून गाडी जाते.

तेव्हा काढा खुशाल पुन्हा. पण कॅमेरा हिऱ्यांवरून उचला आणि तुरुंगाच्या भेटीच्या जाळीवर लावा. राजा-राणा राहू देत बाजूला. हसवा, पोटभर हसवा. पोलिसाला हसा, शेठला हसा, तारखेवर तारीख देणाऱ्याला हसा. आणि तुम्हाला जमत नसेल तर लगाम सोडा, आमची पोरं लिहितील. त्यांना गाडीवानाचं नाव माहीत आहे.