निसर्गाची किमया? छे!

एप्रिलच्या सुरुवातीला क्योतोला जाऊन आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. अरुंद कालवा, त्यावर वाकलेली साकुराची झाडं, पाण्यावर तरंगणाऱ्या गुलाबी पाकळ्या. आणि खाली ठरलेलं वाक्य: 'निसर्गाची किमया!'

मंडळी, माझं भांडण ह्या वाक्याशी आहे. मीही तिथे गेलोय, फुलं बघून वेडा झालोय. पण ह्यात निसर्ग किती आणि माणूस किती, ते एकदा मांडूया.

हा 'तत्त्वज्ञाचा मार्ग' ज्या पाण्याकडेने जातो, ती बिवा सरोवराच्या कालव्याची एक शाखा आहे. १८६९ मध्ये राजधानी टोकियोला गेली आणि क्योतोची रया गेली. शहर सावरायला डोंगर पोखरून पलीकडच्या सरोवराचं पाणी आणायचं ठरलं. काम कोणाला दिलं? तानाबे साकुरोला. १८८३ मध्ये इंजिनीअर होऊन बाहेर पडलेला २१ वर्षांचा पोरगा! त्याचा प्रबंधही ह्याच कालव्यावर होता. १८८५ मध्ये काम सुरू, १८९० मध्ये पूर्ण. पहिला बोगदाच २.४ किलोमीटरचा. मध्येच गडी अमेरिकेत जाऊन जलविद्युत बघून आला, आणि १८९१ मध्ये कालव्याच्या पाण्यावर केआगेला वीजही तयार व्हायला लागली. आजही क्योतोच्या नळाला हेच पाणी येतं.

बरं, झाडं तरी? १९२१ मध्ये चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सु आणि त्याची बायको योने ह्यांनी ३०० रोपं दिली. त्यातली बहुतेक कधीच गेली. आज फुलतात ती मागाहून कोणीतरी लावलेली, जपलेली.

आणि रस्त्याला नाव कोणामुळे मिळालं? तिथे फिरायला जाणाऱ्या प्राध्यापक निशिदा कितारोमुळे. चालायचंच!

"काय फरक पडतो?" असं म्हणाल. पडतो राव! 'निसर्गाची किमया' म्हटलं की आपण मोकळे. त्यांना देवाने दिलं, आपल्याला नाही दिलं, संपलं. मग पुण्यात परत येऊन आपण मुठा कालव्यावरून नाक दाबून जातो. तोही माणसांनीच खणलाय, तोही १९व्या शतकातच. २०१८ मध्ये तो दांडेकर पुलाजवळ फुटला, लोकांचे संसार वाहून गेले, तेव्हा दोन दिवस आपल्याला त्याची आठवण आली.

निदान आपल्या आयटीवाल्यांना तरी हे कळावं. रिलीजच्या दिवशी केक कापतो, पण रात्री अडीचला सिस्टीम उभी ठेवणाऱ्या सपोर्टवाल्याचं नाव कोणाला माहीत असतं?

तानाबेला मात्र माणसांची किंमत माहीत होती. ह्या कामात १७ जण मेले. १९०२ मध्ये त्याने स्वतःच्या खिशातून त्यांच्यासाठी स्मारकशिळा उभारली.

तेव्हा फोटो जरूर काढा. फक्त खाली लिहिताना निसर्गाला एकट्याला श्रेय देऊ नका. त्याने फुलं दिली. बाकी सगळं माणसांनी केलंय, आणि अजून करतायत.