अमेरिकन अळी

मंडळी, मागच्या खेपेला आम्ही थंडीच्या नावाने बोटे मोडली. यंदा पाळी अळीची. हसू नका!

२०२१ च्या उन्हाळ्याअखेर ओहायोतले आमचे लॉन तीन दिवसांत तपकिरी झाले. आम्ही म्हटले, पाणी कमी पडले. सौ. म्हणाली, खत जास्त पडले. दोघेही चुकलो. गवतात अळ्या होत्या. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चार काळे ठिपके.

रविवारी शिराळ्याला दादाला फोन केला. "अरे, ती तर तुमच्याच देशाची! तीन वर्षं आमच्या मक्यात ठाण मांडून बसलीय. अमेरिकन लष्करी अळी." पहिल्या वर्षी त्याने वरवर फवारले. अळी पोंग्यात दडलेली. निम्मा मका गेला. आम्ही लॉनचे रडगाणे गुंडाळले.

मग वाचायला बसलो. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. जॉर्जियातल्या जॉन ॲबटच्या चित्रांवरून जेम्स एडवर्ड स्मिथने १७९७ साली ठेवलेले. हिला थंडी सोसत नाही. हिवाळा दक्षिण फ्लोरिडा-टेक्ससमध्ये काढायचा आणि उन्हाळ्यात पतंग होऊन उत्तर गाठायची. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत सापडली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात.

खरी गंमत पुढेच. १९८०च्या दशकात कळले की या एका नावाखाली दोन प्रकार नांदतात, एक मक्याचा, एक भाताचा. शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत, जनुके तपासावी लागतात. मक्यावरचे पतंग रात्री लवकर जोडीदार शोधतात, भातावरचे उशिरा. तरी दोघांत संकर होतोच. म्हणून कोणी म्हणतो या दोन जाती, कोणी म्हणतो एकच. सव्वादोनशे वर्षे झाली नाव ठेवून, पण नाव नक्की किती जणींचे, हा वाद चालूच!

हा काही नुसता पंडितांचा खेळ नव्हे. दादाने सरळच विचारले, "मका खाल्ला, आता भातावर येईल का?" आमची मास्टर्सची डिग्री गप्प. "दादा, त्यांचंच अजून ठरायचंय."

"ठरू दे सावकाश. तोवर आम्ही रोज पोंगे उघडून बघतो."

तेव्हा मंडळी, ऑगस्ट-सप्टेंबरात लॉन पिवळे दिसले तर आधी बादलीभर साबणाचे पाणी ओता. अळ्या असल्या तर वर येतात. मग खतावरून भांडा!