अक्काचा चष्मा ठीक आहे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. नातेवाइकांपैकी ज्यांना लागेल त्यांना लागू दे.

मागच्या महिन्यात दादाच्या नातवाचं लग्न झालं. आमची अक्का (वय ८१) सांगलीहून गाडी करून आली ती पावणेआठला. तेव्हा कार्यालयात पहिली पंगत उठत होती. मुहूर्त होता ६ वाजून ३८ मिनिटांचा, अक्काने पत्रिकेत वाचला ८.३८. "एवढ्या उशिराचा मुहूर्त कसा, असं वाटलं गं, पण हल्ली कशाचं काय," एवढंच म्हणाली आणि येताना घरून आणलेली अक्षतांची पुडी परत पर्समध्ये ठेवली. दादाला बोट धरून शाळेत नेणारी ती. त्याच्या पहिल्या नातवाच्या डोक्यावर चार अक्षता टाकायच्या राहिल्या.

यावर घरातल्या हुशार मंडळींचं एकमुखी निदान : "आत्या, चष्म्याचा नंबर वाढलाय."

अजिबात नाही! तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत आणि ती रोजचा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचते. मी ती पत्रिका घरी आणून खिडकीशी उजेडात धरली. गुळगुळीत मोतिया कागद, त्यावर सोनेरी फॉइल. वधूवरांची नावं बोटभर उंचीची आणि खरोखर देखणी. खाली तेच अक्षर मुंगीएवढं करून तारीख, वेळ, पत्ता. इंग्रजी सहाच्या आकड्याची केसाएवढी रेघ उमटलीच नव्हती. उरलं होतं खालचं जाड पोट आणि वरच्या टोकाचा गोळा. मधलं ज्याने त्याने अंदाजाने जोडायचं. अक्काने जोडलं, आठ झाले.

नवरदेवाला विचारलं, तर ऐटीत म्हणाला, "आजी, बोडोनी आहे. क्लासिक!"

आहेच क्लासिक. बोडोनीशी माझं भांडण नाही. आम्ही लहानपणी बोरूने देवनागरी आणि टाकाने इंग्रजी गिरवलं. बोरूची जाडबारीक रेघ त्याच्या तिरक्या कापातून येते. टाकाचं तसं नाही. दाबला की निबेच्या फाका उघडून रेघ जाड, सोडला की बारीक. बोडोनीच्या अक्षरात या टाकाचीच ऐट आहे. उभा दांडा जाडजूड, आडवी जोडरेघ नि टोकाचे पाय (ज्याला सेरिफ म्हणतात) तारेसारखे. पॅरिसमध्ये फर्मिन दिदोने आणि इटलीत पार्माच्या ड्यूकच्या छापखान्यात जांबात्तिस्ता बोडोनीने अठराव्या शतकाच्या शेवटी ही तऱ्हा टोकाला नेली.

पण तो बोडोनी काय करत होता ते बघा. उत्तम कागद, भरपूर समास, पानावर मजकूर मोजका. आणि अक्षराचा प्रत्येक आकार पोलादी ठशावर वेगळा कोरलेला. मोठ्या अक्षराची रेघ तिथे शोभेल अशी, लहान अक्षराची तिथे टिकेल अशी. तो १८१३ साली वारला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडी नमुनाग्रंथ १८१८ साली त्याच्या बायकोने, मार्गेरिताने, प्रसिद्ध केला. (तिचं नाव फारसं कोणी घेत नाही. असो.) आजच्या फॉन्टवाल्यांनाही हे कळतं. १९९४ साली आयटीसी कंपनीने पार्म्यातलं मूळ काम पाहून नवा बोडोनी काढला, तो तीन रूपांत : सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटांसाठी. सहाच्या रूपात रेघा मुद्दाम जाड ठेवल्या आहेत. म्हणजे औषध दुकानात आहे, आमच्या पत्रिकावाल्याने बहात्तरची बाटली सहाला पाजली! कंप्यूटरवर कोपरा धरून अक्षर लहान करता येतं, म्हणून ते लहान होत नसतं.

भाच्याने माझ्यावर एक किस्सा फेकला, तोही सांगते, नाहीतर म्हणेल मावशीने लपवला. बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिलची अक्षरं बारीक रेघांमुळे राष्ट्राला आंधळं करतील, अशी एका गृहस्थाची तक्रार होती. बेंजामिन फ्रँकलिनने कॅसलनच्या अक्षरांचा नमुना वरचं नाव फाडून बास्करव्हिलचा म्हणून त्याला दाखवला. गृहस्थाला त्यातही तेच दोष दिसले! फ्रँकलिनने १७६० साली हे स्वतः बास्करव्हिलला पत्रातून कळवलं. किस्सा झकास आहे, मीही हसले. पण त्या गृहस्थाला अक्षराचं नाव आधी माहीत होतं. अक्काला बोडोनी खातात की पितात हेही ठाऊक नव्हतं. तिने फक्त वेळ वाचली.

मी ३४ वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. अक्षर लागलं नाही की मुलाचे गुण जात. "बाई, तुम्ही चष्मा बदला," असं एकाही पोराने मला ऐकवलं नाही. मग आता छापणाऱ्याचे गुण सोडून वाचणारीचे डोळे का तपासता? आणि शंभरावर पत्रिका वाटताना कोणाही तरुणाने ती वेळ एकदा वाचून का पाहिली नाही? कारण त्यांच्यासाठी वेळ आणि नकाशा व्हॉट्सॅपवर आला होता. छापील पत्रिका तेवढी अक्कासारख्यांसाठी होती आणि त्यांनाच ती लागली नाही.

दादाच्या नातीचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. पत्रिकेचा नमुना छापण्याआधी अक्काकडे पाठव, असं मी दादाला फोनवर सांगितलं. "बघू," म्हणाला.

बघू नाही, दादा. पाठव.