तीनशे माणसे कमी नसतात



गेल्या आठवड्यातली गोष्ट. सायंकाळी आदिलाबादकडची गाडी जंक्शनवरून निघून गेली आणि त्याच सुमारास आमच्या गल्लीतली एक भगिनी आपल्या लेकीला घेऊन घरी आली. ही बाई पहाटे मुदखेडच्या मळ्यांत फुले तोडायला जाते. लेक यंदा बारावीला आहे. आल्या आल्या बाई म्हणाली, "भाऊ, हिला दोन शब्द सांगा. काल सकाळपासून पोटात अन्न नाही लेकराच्या. कॉलेजलाही जाईना."

मुलीचा गळा गोड आहे. विहारात ती गाते, तेव्हा म्हातारी माणसेही मान डोलावतात. १४ एप्रिलच्या आठवड्यात तिने पाऊण मिनिटाच्या भीमगीताचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. तो दोन लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. गल्लीत पेढे वाटले गेले. नातेवाइकांचे फोन आले. पोरीला वाटले, आपले नशीब उघडले. मग तिने दुसरे गाणे टाकले. ते पाहिले ३१२ जणांनी. तिसऱ्याला तर तीनशेही झाले नाहीत. तिने दिवसाला दोन-दोन गाणी टाकून पाहिली. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ती आकडा बघत बसू लागली. आकडा काही हलेना.

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "काका, माझं काय चुकलं? आवाज तर तोच आहे."

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली गातात, नाचतात, विनोद करतात आणि मोबाईलवर टाकतात. म्हणून या आठवड्याचा मजकूर त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी.

आधी हे समजून घेऊ की आपला व्हिडिओ कुणाला दाखवायचा, हे ठरवतो कोण. तिथे माणूस बसलेला नाही. ते काम संगणक करतो, आणि ज्या हिशेबाने करतो त्याला अल्गोरिदम म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. आपल्या आया-बहिणी शितावरून भाताची परीक्षा करतात ना, तसेच. व्हिडिओ आला की यंत्र तो आधी थोड्या लोकांना दाखवून पाहते. त्यांतले किती थांबले, शेवटपर्यंत किती जणांनी पाहिला, कुणी पुन्हा पाहिला, आणि किती जणांनी अंगठ्याने वर सरकवून दिला, हे मोजते. शीत शिजलेले निघाले की पुढच्या मोठ्या घोळक्याला वाढते. नाही निघाले तर पातेले तिथेच राहते.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये यातल्या तीन मुख्य गोष्टी सांगितल्या. लोकांनी किती वेळ पाहिले, किती जणांनी लाईक केले आणि किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला. आपल्या ओळखीच्या माणसांत लाईकला वजन जास्त. अनोळखी माणसांपर्यंत जायचे तर पाठवण्याला वजन जास्त. टिकटॉकनेही जून २०२० मध्ये जाहीर केले होते की, फॉलोअर किती आहेत किंवा आधीचा व्हिडिओ किती चालला, याचा पुढच्या व्हिडिओला थेट आधार मिळत नाही. म्हणजे प्रत्येक व्हिडिओची परीक्षा नव्याने. कालचा पहिला नंबर आज कामाला येत नाही.

आता आपल्या मुलीचे बघा. १४ एप्रिलच्या आठवड्यात गावोगाव भीमगीते वाजत होती. लोक तेच शोधत होते, तेच एकमेकांना पाठवत होते. तिचे गाणे त्या लाटेवर चढले. जयंती संपली, लाट ओसरली. गळा तोच राहिला, ऐकणारे बदलले. यात तिचे काय चुकले? आणि एप्रिलमध्ये तरी ती एकाएकी थोर गायिका झाली होती का? तेही नाही. यंत्र गळा ऐकत नाही. ते अंगठा कुठे थांबला तेवढेच बघते.

तेवढ्यात मुलीची आई हळूच म्हणाली, "भाऊ, मीच तिला म्हणाले होते, आपल्या भिंतीपुढं नको गाऊस, पोपडे निघालेत. शेजारच्यांच्या फरशीच्या भिंतीपुढं गा."

हे ऐकून मला गलबलून आले. पण त्या माउलीची शंका खोटी नव्हती. मार्च २०२० मध्ये 'द इंटरसेप्ट' या वृत्तसंस्थेने टिकटॉकची काही अंतर्गत कागदपत्रे उघडी केली. व्हिडिओ निवडणाऱ्या नोकरांना त्यांत सूचना होत्या. ज्यांचे रूप किंवा शरीर चारचौघांसारखे नाही, ज्यांच्या मागे झोपडपट्टी दिसते, पडके घर दिसते, भिंतीला तडे दिसतात, त्यांचे व्हिडिओ नव्या लोकांपुढे जाऊ देऊ नयेत, अशा त्या सूचना होत्या. कंपनीने खुलासा केला की यांतल्या बहुतेक सूचना आता वापरात नाहीत आणि काही तर कधी लागूच नव्हत्या. पण कुणीतरी बसून हे लिहिले होते, एवढे खरे. म्हणजे यंत्र यंत्र म्हणतो, त्याच्या मागेही माणसेच असतात आणि माणसांचे भेदभाव यंत्रात उतरतात. कुणाला पुढे बसवायचे आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचे, हे ठरवणारे लोक आपल्याला नवे नाहीत.

म्हणून काय भिंतीची लाज धरायची? मुळीच नाही. आपल्या मराठवाड्याच्याच कडूबाई खरात पाहा. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्या या बाईने हातात एकतारी घेऊन दारोदार गाऊन पोट भरले. एकतारी आणि खडा आवाज, एवढेच भांडवल. पुढे त्यांच्या गाण्याचे व्हिडिओ मोबाईलवरून हातोहात फिरले आणि बाई घराघरांत पोहोचल्या. एकाने ऐकले, डोळे भरून आले, त्याने दुसऱ्याला पाठवले. ही पारख माणसांनी केली. आणि एक गोष्ट विसरू नका. मोबाईलने हात धरला त्याच्या आधी कित्येक वर्षे बाई गातच होत्या. आकडा आला म्हणून त्या गायिका झाल्या नाहीत.

दुसरी गोष्ट रागाची. मुलीच्या त्या दोन लाखांच्या व्हिडिओखाली काही नतद्रष्टांनी जातीवरून घाण लिहिली होती. तिच्या भावाने रात्रभर जागून एकेकाला उत्तर दिले. त्याला वाटले, बहिणीची बाजू घेतली. पण यंत्राच्या वहीत शिवीही जमा आणि शिवीला दिलेले उत्तरही जमा. फेसबुकने २०१७ पासून काही काळ रागाच्या चेहऱ्याला साध्या लाईकच्या पाचपट गुण दिले होते, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्यांच्याच कागदपत्रांतून कळले. राग माणसाला थांबवून ठेवतो आणि थांबलेल्या माणसाला जाहिरात दाखवता येते. २०२० मध्ये त्यांनी हे गुण शून्यावर आणले. पण तोवर किती घरांत विष गेले असेल!

तेव्हा वाद घालत बसू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्यात तारीख आणि लिहिणाऱ्याचे खाते दिसू द्या. मग त्या माणसाला ब्लॉक करा. प्रकार गंभीर असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. इंटरनेटवर केलेला अपमान हाही लोकांसमोर केलेला अपमान ठरू शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका प्रकरणात म्हटले आहे. चार जाणती माणसे सोबत घ्या आणि ठाण्यात जा.

तिसरी गोष्ट पैशाची. मुलीचा भाऊ म्हणत होता, "काका, हिचं चॅनल चाललं तर आईला मळ्यात जायची गरज नाही." त्या पोराची माया खरी आहे. पण हिशेबही खरा पाहिजे. यूट्यूबवर छोट्या व्हिडिओंच्या जाहिरातीत वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि ९० दिवसांत १ कोटी वेळा पाहिले जाणे, अशी अट आहे. लांब व्हिडिओ करणाऱ्यांना वर्षात ४,००० तास पाहिले जाण्याची दुसरी वाट आहे. आता गणित करा. दोन लाखांचा एक व्हिडिओ, असे पन्नास व्हिडिओ तीन महिन्यांत चालले पाहिजेत. तेव्हा कुठे दार उघडते. त्यानंतर जाहिरातीच्या पैशातून जो भाग करणाऱ्यांसाठी वेगळा काढतात, त्यातले ४५ टक्के हाती. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स नुसता सुरू झाला तरी आकडा एकाने वाढतो, पण पैसा त्या आकड्यावर मिळत नाही. तो थांबून पाहणाऱ्यांवर मिळतो. म्हणजे वर दिसणारा आकडा फुगलेला असू शकतो. अशा आकड्यासाठी बारावीचे वर्ष घालवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

आणि ते फॉलोअर विकणारे! भावाला एकाने सांगितले होते, अडीच हजार रुपये दे, दहा हजार फॉलोअर देतो. ते अडीच हजार म्हणजे आईच्या किती पहाटा, हे त्याने मोजले नव्हते. विकत आणलेली ही खाती बहुधा खोटी असतात. ती गाणे ऐकत नाहीत, कुणाला पाठवत नाहीत. सभेत पुतळे आणून बसवले तर टाळ्या कोण वाजवणार? वर कंपनीला कळले तर खात्यावर कारवाई होते. असा पैसा देऊ नका. कुणी फसवले असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.

चौथी गोष्ट, दुसऱ्याच्या वाड्यात मांडलेला संसार. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. ज्यांनी रात्रंदिवस खपून तिथे माणसे जमवली होती, त्यांची ती माणसे एका दिवसात गेली. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा गरीब घरातला सूरज चव्हाण टिकटॉकवरच नावारूपाला आला होता. तो पुढे इन्स्टाग्रामवर पुन्हा उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'चा विजेता झाला. त्याचे कौतुकच आहे. पण एक सूरज दिसतो, तेव्हा मागे राहिलेले हजारो दिसत नाहीत. वाडा दुसऱ्याचा असेल तर मालक कधी कुलूप लावील, सांगता येत नाही. आपली कला, आपले शिक्षण आणि आपली माणसे यांना मात्र कुणी कुलूप लावू शकत नाही.

मग काय, मोबाईल फेकून द्यायचा? नाही. आपला आवाज जगापुढे नेणारे साधन हाती आले आहे, ते सोडायचे कशाला? पण साधन आपण वापरावे, त्याने आपल्याला वापरू नये. मुलीला मी चार गोष्टी सांगितल्या. आठवड्याला एक गाणे टाक, पण तयारीने टाक. ओळख-पाळख सांगण्यात वेळ घालवू नको, पहिल्या तीन-चार सेकंदांतच गळा ऐकू दे, कारण अंगठा तिथेच ठरवतो. दुसऱ्याचा व्हिडिओ उचलून टाकू नको. एप्रिल २०२४ पासून इन्स्टाग्राम अशा उचलेगिरीला मागे ठेवू लागले आहे आणि छोट्यांच्या स्वतःच्या कामाला वाव देतो म्हणते. आणि चौथे, व्हिडिओ टाकला की फोन आईजवळ दे. आकडा दुसऱ्या दिवशी बघ.

शेवटी मी तिला विचारले, "बाई गं, आपल्या विहारात किती माणसं बसतात?"

तिने मनाशी मोजले. "दाटीवाटीनं बसली तर दीडशे."

"म्हणजे तुझं ते पडलेलं गाणं दोन विहार भरून माणसांनी ऐकलं. वामनदादा कर्डक गावोगाव फिरले आणि अशाच वस्त्यांपुढे, अशाच सभांपुढे गायले. त्यांनी कधी म्हटलं का, आज तीनशेच आले म्हणून मी जेवत नाही?"

मुलगी पहिल्यांदा हसली. आमच्या घरातून पिठलं-भाकरी आली, मायलेकी जेवल्या. जाताना आईने विचारले, "मग भाऊ, भिंतीचं काय करू?" तिला उत्तर लेकीनेच दिले. म्हणाली, "राहू दे माय. आपलंच घर आहे."

सोमवारी सकाळी ती पाठीला दप्तर लावून कॉलेजला जाताना दिसली. रविवारी टाकलेले गाणे किती जणांनी पाहिले, हे मी तिला विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

आई-बापांनो, तुमच्या घरातले लेकरू असे आकड्यापुढे बसून झुरत असेल तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे गाणे पूर्ण ऐका. त्याला मिळालेला तो पहिला खरा श्रोता असेल.

जयभीम.