मुंगीचा शिरस्ता

सरत्या वर्षाविषयी कागद महागला आणि पाऊस लांबला एवढे नोंदवून मोकळे व्हावे, असा आमचा इरादा होता. परंतु चाकणच्या एका सभागृहात, पाळी संपवून आलेल्या कामगारांना बसवून ऐकविलेले एक व्याख्यान वर्षभर मनात सलत राहिले आहे. मुंग्यांकडून शिका, त्या राणीचा हुकूम निमूट पाळतात, असे वक्ते महाशय उद्गारले, आणि पहिल्या रांगेतील अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजविल्या. (आम्हीही वाजविल्या, पुढे चहा होता.)

वस्तुतः राणी मुंगी अंडी घालते, हुकूम सोडीत नाही. जवळच्या वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परततात, त्यामुळे चालताना त्यांनी मागे सोडलेला गंध तेथे आधी दाट होतो आणि कोणाच्याही आज्ञेवाचून अवघे वारूळ ती वाट धरते, हे संशोधक देनबूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या सुमारास ब्रुसेल्स येथे दोन फाट्यांच्या पुलावर दाखविले. मात्र लांबची वाट एकदा रुळल्यावर जवळची खुली केली, तेव्हा बहुतेक मुंग्या जुन्याच वाटेने जात राहिल्या! शिरस्ता मुंगीलाही सुटत नाही. मार्को दोरिगो यांनी 1992 च्या आपल्या प्रबंधात मुंग्यांच्या चालीवरून संगणकासाठी जी गणनपद्धती रचली, तीत हा गंध फेरीगणिक थोडाथोडा उडून जाण्याची तजवीज आहे.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात ती तजवीज कोणी केलेली नाही. तळेगाव चौकात, कंटेनरांच्या रांगेत, कंपनीच्या एका बसमध्ये चालकाशेजारी आम्ही सव्वा तास बसलो होतो. "साहेब, त्या आतल्या रस्त्याने पंधरा मिनिटांत निघालो असतो," स्टिअरिंगवरची बोटे न उचलता तो म्हणाला, "पण रूट हापिसातून ठरतो." त्याच मार्गाने रोज जाणाऱ्या त्या इसमास तो मार्ग ठरविताना कोणी पुसले नव्हते, आणि त्यालाच मुंगीची आज्ञाधारकता शिकविण्यासाठी वक्ता मात्र मानधन देऊन आणला जातो, हा अव्वल दर्जाचा उफराटा न्याय होय.

यंदाच्या अंकाचा विषय ‘थवा’ आहे; त्याचा वरील तक्रारीशी संबंध वाचकांनीच सोयीने जोडून घ्यावा. गतवर्षी पिंपरी, भोसरी, आकुर्डीहून आलेल्या पत्रांत टंक बारीक असल्याची कुरकुर होती. यंदा तो मोठा केला आहे, आणि त्यापायी आमचे दोन लेख गळले आहेत.