छाटलेल्या फांद्या

पावसाळा ओसरला, की शाळेच्या कुंपणावरील मेंदी वाटेल तशी माजलेली असते. माळी मोठी कात्री घेऊन येतो आणि दोन दिवसांत कुंपण एका रेषेत आणतो. कुंपण शोभिवंत दिसू लागते. पण त्याच्या पायथ्याशी पडलेल्या ढिगाचे काय करावयाचे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते : काडी ओढा!

मीही मुख्याध्यापक असताना अनेक वर्षे हीच आज्ञा देत असे. एका वर्षी ओल्या पाल्याचा धूर वर्गात शिरला आणि दम्याचा विकार असलेल्या एका विद्यार्थ्याला धाप लागून घरी पोहोचवावे लागले. त्याच आठवड्यात शाळेच्या बागेसाठी खताच्या गोणी विकत आल्या होत्या. एका हाताने खत जाळावयाचे आणि दुसऱ्या हाताने ते विकत घ्यावयाचे! हे मुलांना शिकविणाऱ्याने करावे ना?

कोणी म्हणेल, "गुरुजी, राखही खतच नव्हे काय? कोकणात नि मावळात शेतकरी राब भाजतातच की!" आक्षेप अगदीच खोटा नाही. राखेत पालाश उरते. परंतु पानांतील बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जाते, आणि मातीला भुसभुशीत ठेवणारा, ओल धरणारा अंशही जळतो. राब भाजणाऱ्याला रोपांच्या जागेवरील तणाचे बी मारावयाचे असते. आपल्या बागेत तसे कोणते कारण आहे?

१९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञांनी इंदूर येथे काडीकचरा, शेण व माती यांपासून खत करण्याची रीत बसविली. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक. त्या सहजी कुजत नाहीत. म्हणून ते त्या शेतावरील रस्त्यांवर पसरीत, आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाके त्यांचा चुरा करीत. मला ही युक्ती फार आवडते. आपल्याकडे ते काम माळ्याच्या कोयत्याने होईल. हिरवा पाला, वाळलेली पाने आणि शेणकाला यांचे थर द्यावेत, ढीग ओलसर ठेवावा व मधूनमधून वरखाली करावा. जाड फांद्या मात्र मातीत गाडू नयेत. लाकूड कुजताना भोवतीचे नत्र ओढून घेते. त्या घेवड्याच्या वेलांना आधार म्हणून रोवाव्यात. शेवग्याची वा पांगाऱ्याची फांदी तर रोवली की फुटते आणि पुन्हा कुंपणात उभी राहते! कण्हेरीचा पाला तेवढा शेळीपुढे टाकू नका, आणि शेराच्या चिकापासून डोळे जपा.

पुढील आश्विनात आम्ही तो ढीग शाळेमागे रचला. त्याचे खत व्हावयास सहा महिने लागले. काडीने तासाभरात काम उरकले असते, हे माळ्याने मला अनेकदा ऐकविले. चैत्रात ढीग उकरला, तेव्हा तोही वाकून पाहू लागला. मेंदीचे एकही पान ओळखू येत नव्हते. होती ती काळी, मऊ, पहिल्या पावसाच्या वासाची माती.